आमच्या सगळ्यांचा एक जून

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या हेडमास्तरांचे. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अख्खं गाव त्यांना नाना म्हणतं, मीही नानाच म्हणतो. याच माणसावर मी एकदा संशय घेतला आणि फोनवर नको ते बोललो. ते कसं झालं, ते लिहून ठेवतो आहे.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, नरडाणा स्टेशनावर उतरून रिक्षाने जावं लागतं. माझा जन्म घरीच झाला आणि ग्रामपंचायतीत त्याची नोंद कुणी केली नाही. शाळेत नाव घालायला आई मला घेऊन गेली तेव्हा नानांनी विचारलं, "जन्म कधीचा?"

"पोळाले चार-पाच दिन बाकी व्हतात," आई म्हणाली. "कपाशी गुडघाएवढी व्हती."

नानांनी बोटांवर महिने मोजले. पोळ्याचा जन्म धरला तर पहिलीच्या वयाला मी अडीच-तीन महिन्यांनी कमी पडत होतो. म्हणजे आणखी एक वर्ष घरी. माझा चुलतभाऊ असाच एक वर्ष थांबला होता, तो पुढे शाळेत आलाच नाही. नानांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टरमध्ये एक जून लिहिलं. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांचा जन्म एक जूनचा होता. वडिलांचाही एक जूनच, तो त्यांच्या वेळच्या गुरुजींनी लिहिलेला. खानदेशात कुठल्याही जुन्या शाळेचं रजिस्टर उघडा, हेच दिसेल.

दहावीनंतर शिरपूरला आणि बारावीनंतर जळगावला इंजिनिअरिंगला पोचवायला नानाच आले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, प्रत्येक रांगेत ते माझ्या मागे उभे होते. वडील मुळातच संशयी. कागद ते बियाण्याच्या जाड प्लास्टिक पिशवीत गुंडाळून ठेवत आणि म्हणत, "झेरॉक्स दे. ओरिजिनल कोणाच्या बापाला द्यायचं नाही." नानांचा संशय वेगळ्या प्रकारचा होता. "सही करण्याआधी वाच," ते सांगायचे. "वाचून झालं की कागद उलटा करून मागे बघ. आणि जो माणूस तोंडी विचारतो त्याला म्हण, लेखी मागा, लेखी देतो." मी ते पाठ केलं होतं. पुढे त्याच वाक्यावरून मी त्यांच्यावर चिडेन, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पुण्यात चार वर्षं नोकरी केल्यावर मला जर्मनीतल्या एका कंपनीत काम मिळालं. लग्न होऊन सात महिने झाले होते. ठरलं असं की मी आधी जायचं, घर बघायचं, मग बायकोने यायचं.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की तुमचा पत्ता सरकारदरबारी नोंदला गेला नाही तर तुम्ही तिथे नसल्यासारखेच. बँक खातं नाही, कराचा नंबर नाही, राहण्याचा परवाना नाही. आणि पत्ता नोंदवायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, की हा माणूस खरोखर इथे राहतो. माझा घरमालक म्हातारा आणि कमी बोलणारा होता. त्याने कागद द्यायला पाच दिवस लावले. त्या पाच दिवसांत मी त्याच्याबद्दल काय काय कल्पना केल्या, ते सांगायची लाज वाटते. शेवटी त्याने कागद दिला तेव्हा कळलं की त्याच्या प्रिंटरची शाई संपली होती. आमच्याकडे रहिवासी दाखला काढताना विचारतात, तू कोणाचा? वडिलांचं नाव सांगितलं की सरपंच सही करतो. इथे वडिलांशी कुणाला देणंघेणं नव्हतं. झोपतोस कुठे, एवढंच विचारत होते.

बायकोचं माहेर यावल तालुक्यातलं, केळीच्या बागांमधलं गाव. लग्न तिथेच झालं आणि नोंदही तिथल्याच ग्रामपंचायतीत. दिवाळीला मी महिनाभर घरी येऊन गेलो. परत गेल्यावर थोड्याच दिवसांत तिने फोनवर सांगितलं की आपल्याला बाळ होणार आहे. व्हिसाचा अर्ज तोवर गेलेलाच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सातवा संपायच्या आत जायचं तर जा, नंतर मी विमानात बसू देणार नाही. मला पुन्हा रजा मिळणार नव्हती, त्यामुळे बाळ जन्मेल तेव्हा मी तिच्याजवळ असणार की नाही, हे आता त्या अर्जावर होतं.

एके दिवशी मला इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात बोलावलं. समोर चष्मा लावलेल्या, शांत आवाजाच्या बाई होत्या. त्यांच्यापुढे आमचा अर्ज होता.

"तुमची जन्मतारीख एक जून."

"हो."

"पत्नीची एक जून. तुमच्या वडिलांची एक जून. पत्नीच्या आईची एक जून."

"हो."

"हे कसं?"

खरं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण माझ्या डोक्यात वडिलांची प्लास्टिकची पिशवी आली. तारीख अंदाजाची आहे असं म्हटलं तर माझा शाळेचा दाखला खोटा, त्यावरून काढलेला पासपोर्ट खोटा, आणि त्या पासपोर्टवर दिलेला परवानाही खोटा ठरेल. ही बाई मला बोलतं करते आहे, असं मला वाटलं.

"योगायोग," मी म्हणालो.

"चार वेळा?"

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला ते उलटं वाचता आलं नाही.

पंधरवड्याने पत्र आलं. कागदपत्रांची प्रत्यक्ष गावात जाऊन तपासणी होईल, त्यासाठी एक वकील नेमला जाईल, किती वेळ लागेल सांगता येत नाही. बायकोला तेव्हा चौथा लागला होता.

मी वडिलांना फोन करून सांगितलं, की कुणी येईल, नीट माहिती द्या. वडील म्हणाले, "कोण येणार, कशाला येणार, त्याच्याजवळ कागद काय?" मलाच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मग मी बघतो." मला वाटलं, झालं काम.

बायकोला सहावा लागला आणि मला पुन्हा बोलावलं. त्याच बाई. त्यांनी अहवालातल्या तीन गोष्टी वाचून दाखवल्या. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत सापडली. मात्र अर्जदाराच्या गावात चार जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की या घरातल्या इंजिनिअर मुलाचं लग्न झालेलं नाही, मुली बघणं चालू आहे. आणि शाळेत जन्मतारीख लिहिणाऱ्या माजी मुख्याध्यापकांनी माहिती द्यायला नकार दिला.

"आणखी काही पुरावा असेल तर आणा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण आपली बायको खरी आहे, हे आता मला सिद्ध करायचं होतं.

ट्राममधून घरी येईपर्यंत मी अर्धं गाव आरोपी करून टाकलं होतं. आधी भावकीतले एक काका, ज्यांच्याशी बांधावरून वडिलांचं वाकडं आहे. मग ज्याला वडिलांच्या जागी विकास सोसायटीवर निवडून यायचं होतं तो एक जण. पण ते काय, ते गावात बोलणारच. मला खुपत होतं ते तिसरं वाक्य. नानांनी नकार दिला. का? मग आठवायला लागलं. दिवाळीत महिनाभर गावी होतो, आणि नानांकडे गेलो ते जेमतेम दहा मिनिटं, तेही उभ्या उभ्या. त्यांचा नातू माझ्याबरोबरच परीक्षांना बसला होता, तो अजून धुळ्यात शिकवण्या घेतो. मी परदेशी जाताना नाना म्हणाले होते, "बघ बाबा, तुझं तू." हे चारच शब्द मी त्या रात्रभर फिरवून फिरवून पाहिले, आणि सकाळी मला ते कडू लागायला लागले.

मी फोन केला.

"नाना, आपल्याकडे एक वकील आला होता का?"

"आला होता. फाइल होती त्याच्याजवळ."

"त्याला तुम्ही काय सांगितलं?"

"काहीच सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

ते काही बोलणार होते. मी बोलू दिलं नाही. "नाना, तो एक जून तुम्ही लिहिला. मी नाही लिहिला, माझ्या आईने नाही लिहिला. तुमच्या त्या एक जूनमुळे आज माझी बायको इकडे येऊ शकत नाही. आणि विचारायला माणूस आला तर तुम्ही दार लावून घेतलं." आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही. पलीकडून फक्त "बरं" असं ऐकू आलं, आणि मी फोन ठेवला.

चार दिवसांनी माझ्या धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. तोही इंजिनिअर, अजून लग्नाचा. सुट्टीला गावी जाऊन आला होता आणि त्याने सगळं शोधून काढलं होतं. सांगताना आधी तो हसत होता.

आमच्याकडे मुलीवाले चौकशीला उघड येत नाहीत. कुणी कापूस बघायला आलोय म्हणतो, कुणी जुना ट्रॅक्टर घ्यायचाय म्हणतो. चहाच्या टपरीवर बसतात आणि मुलाबद्दल हळूच काढतात. सगळ्या गावाला हे ठाऊक असतं, आणि मुलाच्या बाजूने बोलायचं हे आपलं काम आहे असं गाव मानतं. भावासाठी स्थळं येत होती. वडिलांनी टपरीवर सांगूनच ठेवलं होतं, चौकशीला कुणी आलं तर नीट सांगा.

त्यात धुळ्याहून भाड्याची गाडी करून हा वकील आला. इन केलेला शर्ट, बगलेत फाइल. गुप्तता पाळायची म्हणून त्याने जर्मनीचं नाव काढलं नाही. कागदावरचं माझं नाव त्याने विचारलं, पण ते नाव गावात कुणी वापरत नाही. आम्ही दोघं भाऊ घरच्या नावांनीच ओळखले जातो. मग त्याने वडिलांचं नाव घेतलं. "यांचा इंजिनिअर मुलगा, कसा आहे?"

टपरीवाल्याने शेजारच्याला डोळा मारला असणार. "पोऱ्या एकदम चांगला शे," तो म्हणाला. "सुपारीनं खांड बी खास नही." म्हणजे सुपारीचं खांडसुद्धा खात नाही.

"लग्न झालंय?"

"कोन म्हने? लगन नही व्हयेल अजून. तुम्ही बिनधास्त ऱ्हावा, भाऊ."

"बाहेर कुठे, परदेशात वगैरे..."

"काय परदेश? पुनाले शे. दर सुट्टीले घर येस."

आणि बाकड्यावरचे तिघं माना हलवत होते. एकाने तर आमच्या घराला वरचा मजला चढवला, जो अजून बांधलेला नाही. वकिलाने चार चहा पाजले आणि चार साक्षी लिहून घेतल्या. आमच्या घरी तो आलाच नाही; वडिलांना गावातून कळलं ते एवढंच, की मुलीवाले येऊन गेले.

"आणि नाना?" मी विचारलं.

भावाचं हसणं थांबलं. नानांच्या सुनेने त्याला सांगितलं होतं. वकील घरी आला, तेव्हा नानांनी आधी ओळखपत्र मागितलं. त्याने चौकशी गुप्त आहे असं सांगितलं. थोड्याच दिवसांपूर्वी नानांच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकाला फोनवर पोलीस असल्याचं सांगून कुणीतरी फसवलं होतं. नाना म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्याची माहिती मी परक्या माणसाला तोंडी देत नसतो. लेखी मागा, लेखी देतो." वकील उठून गेला.

मला नानांनी जे शिकवलं, तेच त्यांनी केलं होतं. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. काय म्हणून करणार होतो?

त्याच आठवड्यात बायकोचा फोन आला. "तुमचे नाना येऊन गेले," ती म्हणाली. मला खरं वाटेना. नानांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. माझा फोन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते शिंदखेड्याला जाऊन प्रतिज्ञापत्र करून आले होते. मग नरडाण्याहून जळगावपर्यंत पॅसेंजर, जळगावहून यावलची एसटी, आणि तिथून विचारत विचारत माझ्या सासरी. दुपारी जेवले, कागद तिच्या हातात दिला, "झेरॉक्स काढून ठेव, ओरिजिनल जपून" असं सांगितलं आणि लगेच निघाले. सासऱ्यांनी विचारलं होतं, जावईबापूंशी बोलणं झालं का? नाना म्हणाले, "झालं. घाईत होता बिचारा."

तिने मला कागदाचा फोटो पाठवला. त्यात लिहिलं होतं, की सदर विद्यार्थ्याच्या जन्माचा कोणताही पुरावा नसल्याने आईने सांगितलेल्या खुणेवरून मी वर्ष धरले, आणि तो त्याच वर्षी शाळेत यावा म्हणून १ जून ही तारीख माझ्या हस्ताक्षरात लिहिली. यात विद्यार्थ्याचा वा पालकांचा दोष नाही. खाली नानांची सही, रजिस्टरमध्ये होती तशीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. सोबत आमच्या लग्नातला एक फोटोही होता. वडील नानांना टॉवेल-टोपी देताहेत आणि मागे मुंडावळ्या बांधलेला मी उभा आहे.

आता माझी पंचाईत वेगळीच झाली. हा कागद दिला, की मी त्या बाईंना योगायोग म्हणालो ते खोटं होतं हे उघड होणार होतं. लग्न खरं ठरेल आणि मी खोटा ठरेन, मग माझा परवानाच काढून घेतला तर? मी फोटोची प्रिंट काढली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. रोज कामाला जाताना ड्रॉवर उघडायचो, बंद करायचो. असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "कागद दिला का?" मी म्हणालो, उद्या. ती म्हणाली, "नाना एसटीत उभे राहून आले होते."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. बाईंनी मी सोबत जोडलेलं इंग्रजी भाषांतर सावकाश वाचलं.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची," मी म्हणालो. त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. मग त्यांनी मला लेखी मागितलं, आणि मी तिथेच बसून लेखी दिलं.

तपासणी पुन्हा होणार, असं ठरलं. त्यात सातवा संपला.




नानांना मी पाठवलेलं पत्र असं होतं.

नाना,

तुम्ही फोनवर फार बोलत नाही आणि मला फोनवर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितो आहे.

मंगळवारी पहाटे मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी बऱ्या आहेत. मी तिला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं आहे. दवाखान्याच्या कागदावर तारीख आहे, वेळ आहे, मिनिटसुद्धा आहे. तिच्या आजीला कपाशीची खूण सांगावी लागणार नाही.

तो वकील दुसऱ्यांदा आला तेव्हा काय झालं, ते मला भावाने सांगितलं. तुम्ही त्याचं पत्र वाचलं, उलटून मागे बघितलं, पत्रावरच्या नंबरला फोन केला, आणि मग त्याला घेऊन टपरीवर गेलात. "आता खरं सांगा, हा मुलीवाला नाही," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा टपरीवाला म्हणाला म्हणे, "मंग आधी सांगनं व्हतं ना, आम्ही कशाले एवढं चांगलं बोलतूत." व्हिसा काल मंजूर झाला. आता मुलीचा पासपोर्ट, मग तिचा व्हिसा. त्या दोघी यायला अजून दोन-तीन महिने लागतील.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगायची आहे. तुमच्या एक जूनमुळे काही अडलं नव्हतं. इथल्या बाईंनी मला विचारलं होतं, सगळ्यांची एकच तारीख कशी? मी घाबरून योगायोग म्हणालो. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर वकील गावात आलाही नसता. नंतर तुमचा कागद माझ्याकडे आला, तोही मी नऊ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी मी नव्हतो, ते त्यामुळे. फोनवर मी तुमच्या नावावर जे घातलं, ते माझं होतं. मला माफ करा.

बाईंनी सांगितलं, की पासपोर्टवरची तारीखच चालू राहील. म्हणजे इथून पुढे, दोन देशांत, मी एक जूनचाच. मला ती तारीख बदलून नको आहे. ती नसती तर त्या वर्षी मी शाळेत आलो नसतो.

बारसं यावलला आहे. वडील तुम्हाला न्यायला येतील. एसटीने जाऊ नका, त्यांनी गाडी सांगितली आहे. तुम्ही मुलीला बघून या, आणि ती कुणासारखी दिसते ते मला लेखी कळवा. घरातले सगळे तोंडी सांगतात, आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो.

तुमचा विद्यार्थी